धुराचे निदान करणारा मुद्रक : बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव उच्चारताच पतंग व वीज यांचे चित्र विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या थोर पुरुषाने विजेइतकेच लक्ष घरातील धुराकडेही दिले होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. त्याच्या स्वभावाची खरी ओळख मात्र या लहानशा विषयातच पटते.

फ्रँकलिनचा जन्म अमेरिकेतील बोस्टन शहरी 17 जानेवारी 1706 रोजी झाला. त्याचा बाप चरबीच्या मेणबत्त्या व साबण करून सतरा मुलांच्या मोठ्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत असे. बेंजामिनचे शालेय शिक्षण दहाव्या वर्षीच संपले. बाराव्या वर्षी तो आपल्या वडील भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून राहिला, आणि 1723 मध्ये तेथून पळून जाऊन त्याने फिलाडेल्फिया गाठले. तेथे उद्योगाने व काटकसरीने तो स्वतःच्या छापखान्याचा धनी झाला.

त्या थंड प्रदेशात प्रत्येक घरी भिंतीत मोठी आगटी असे व तिच्यावर धुराडे असे. लाकडांचे भारेच्या भारे जळत. तरी आगटीपुढे बसलेल्या माणसाचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. याचे कारण फ्रँकलिनने शोधून काढले. तापलेली हवा धुराड्यातून वर जाते, तेव्हा तितकीच थंड हवा दारेखिडक्यांच्या फटींतून आत शिरते. या झोतांना त्रासून लोक फटी बुजवीत. पण मग आगीला हवा मिळेनाशी होई आणि धूर उलटून खोलीत पसरे. फट ठेवावी तर थंडी आणि बुजवावी तर धूर, असा हा पेच होता.

हवा अडवू नये, तर तिला नेमकी वाट द्यावी, हे त्याने ताडले. 1742 च्या सुमारास त्याने आगटीत बसविण्याजोगी एक लोखंडी शेगडी योजिली. तिच्या आत एक पोकळ पेटी होती. जमिनीखालून आणलेली ताजी हवा त्या पेटीतील वळणांतून जाताना तापे व मग खोलीत येई. आगटीचे रुंद धुराडे बांधकामाने बंद करून धुराला शेगडीतूनच वाट ठेवावयाची, म्हणजे खोलीतील ऊब फुकट जात नसे. ही सर्व रचना त्याने 1744 मध्ये एक पुस्तिका छापून लोकांना समजावून दिली.

प्रांताच्या गव्हर्नराने तिच्या विक्रीचा एकाधिकार त्याला देऊ केला. तो त्याने घेतला नाही. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तेव्हा आपला शोधही इतरांस मोकळ्या मनाने द्यावा, असे त्याचे मत होते. पुढे लंडनमधील एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने तिच्यात थोडा फेरफार करून पेटंट मिळविले व पैसा केला. तरीही फ्रँकलिनने तक्रार केली नाही.

त्याची ही शेगडी निर्दोष मात्र नव्हती. तिच्यात धुराला वर चढण्यापूर्वी पेटीमागून खाली उतरावे लागे. धुराडे थंड असले म्हणजे तो नीट ओढला जात नसे. पुढे इतरांनी तिची रचना सुधारली.

1785 मध्ये, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, फ्रान्समधील वकिलातीचे काम संपवून स्वदेशी परतताना जहाजावर त्याने पुन्हा हाच विषय हाती घेतला. यान इंगेनहाउस या आपल्या वैद्य मित्रास लिहिलेल्या दीर्घ पत्रात त्याने धूर उलटण्याची नऊ कारणे सांगितली. पहिले कारण हवेची उणीव. तिची परीक्षा अगदी सोपी आहे. आगटी पेटवून दार उघडावे. धूर थांबला, तर हवाच कमी पडत होती असे समजावे. नंतर दार हळूहळू लोटीत न्यावे आणि धूर पुन्हा दिसू लागताच थांबून फट मोजावी. आठ फूट उंच दाराला अर्ध्या इंचाची फट लागली, तर ती 48 चौरस इंच भरते. म्हणजे त्या खोलीला 6 इंच रुंद व 8 इंच लांब असे हवेचे द्वार हवे.

त्याच पत्रात त्याने आपली एक फजितीही लपविली नाही. लंडनजवळ एका मित्राच्या घरी एक आगटी फार धुरकटे. कारण सहज सापडेल, असे फ्रँकलिनला वाटले. त्याने दार उघडून पाहिले, आगटीचे तोंड लहान करून पाहिले, बाहेर जाऊन धुराडेही न्याहाळले, उपाय चालेना. शेवटी त्याने हार मानली. पुढे त्या मित्रानेच शिडी लावून धुराड्यात डोकावले, तो आत काटक्या, गवत, चिखल व पिसे ठासून भरलेली! ओसाड घरात पक्ष्यांनी घरटी केली होती. ती काढताच धुराडे उत्तम चालू लागले.

17 एप्रिल 1790 रोजी फिलाडेल्फिया येथे फ्रँकलिनने देह ठेवला. आपल्याकडे अशा आगट्या क्वचितच आढळतात. परंतु चुलीचा धूर आपल्या माताभगिनींना ठाऊक आहे, आणि बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून निजणे प्राणघातक असते. म्हणून आगीला हवा हवी, हा त्याचा धडा आपणही शिकावा. आणि त्यासोबत आणखी एक: घरात धूर झाला असता नुसते डोळे पुसीत बसू नये; एकेक कारण तपासावे, आपली बुद्धी जेथे थांबेल तेथे ती थांबली असे निःसंकोच सांगावे, आणि जे सापडेल ते शेजाऱ्यास विनामूल्य द्यावे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा हाही एक मार्ग आहे.