मृतांची नावे वाचणारा आर्चबिशप

मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर हा आकाराने चिमुकला देश. १९७७ ते १९८० या तीन वर्षांत तेथील रविवारची सकाळ रेडिओभोवती सरत असे. राजधानी सान साल्वादोरच्या आर्चबिशपांची मिस्सा चर्चच्या मालकीच्या 'वायएसएएक्स' या केंद्रावरून प्रक्षेपित होई आणि कॉफीच्या मळ्यांतील मजुरांपासून लष्करी अधिकाऱ्यांपर्यंत सारे ती ऐकत. प्रवचन तास-दीड तास चाले. आधी त्या दिवसाच्या बायबलपाठाचे विवरण, मग चर्चमधील घडामोडी आणि अखेरीस सरलेल्या आठवड्याचा वृत्तान्त. कोण मारले गेले, कोणाला सैनिकांनी घरातून उचलून नेले, कोणत्या आईचा मुलगा परतला नाही, हे सारे नावानिशी सांगितले जाई. धनिकांच्या हाती असलेली वृत्तपत्रे ही नावे छापत नसत. ती वाचणाऱ्या धर्मगुरूचे नाव होते ऑस्कर आर्नुल्फो रोमेरो.

रोमेरो यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी सिउदाद बारिओस या डोंगराळ गावी झाला. वडील गावच्या तारघरात कामाला होते. मुलाने सुतारकाम शिकावे म्हणून त्यांनी त्याला कारागिराच्या हाताखाली ठेवले. परंतु मुलाचे मन चर्चमध्ये रमले. सेमिनरीतील शिक्षणानंतर तो रोमला गेला आणि महायुद्धाच्या धामधुमीत, ४ एप्रिल १९४२ रोजी त्याला तेथेच गुरुदीक्षा मिळाली. मायदेशी परतल्यावर रोमेरो यांनी वीसहून अधिक वर्षे सान मिगेल येथे सेवा केली. पुस्तकांत रमणारे, शिस्तप्रिय आणि काहीसे भिडस्त, अशी त्यांची ख्याती होती. चर्चच्या मुखपत्राचे संपादक असताना गरिबांच्या राजकीय जागृतीचा पुरस्कार करणाऱ्या जेझुइट धर्मगुरूंवर त्यांनी टीकाही केली होती.

म्हणूनच फेब्रुवारी १९७७ मध्ये ते आर्चबिशप झाले, तेव्हा जमीनदारांनी समाधानाचा नि:श्वास सोडला आणि पुरोगामी धर्मगुरू खिन्न झाले. देशातील बहुतेक सुपीक जमीन मोजक्या घराण्यांच्या ताब्यात होती. सत्ता लष्कराकडे होती. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध राजधानीच्या चौकात जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला.

१२ मार्च १९७७ रोजी रोमेरो यांचे मित्र, जेझुइट धर्मगुरू रुतिलिओ ग्रांदे यांची मोटार वाटेत अडवून त्यांना ठार करण्यात आले. सोबतचा एक वृद्ध आणि एक किशोरवयीन मुलगाही त्यात बळी पडले. ग्रांदे अगिलारेस परिसरातील ऊसमजुरांमध्ये काम करीत. त्या रात्री रोमेरो तेथे पोहोचले आणि तिन्ही मृतदेहांसमोर उभे राहिले. पुढच्या रविवारी त्यांनी महाधर्मप्रांतातील सर्व चर्चमधील मिस्सा रद्द करून कॅथेड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. पोपच्या राजदूताचा त्याला विरोध होता. रोमेरो यांनी तो मानला नाही. हत्येचा तपास होईपर्यंत कोणत्याही शासकीय समारंभास उपस्थित न राहण्याचा निर्णयही त्यांनी घेतला आणि नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीकडे पाठ फिरवून तो पाळला.

धर्मगुरूने राजकारणात पडू नये, असा आक्षेप यानंतर त्यांच्यावर सतत घेतला गेला. आक्षेप घेणाऱ्यांत सत्ताधारी होते, तसे त्यांचे सहकारी बिशपही होते. एका आर्तुरो रिवेरा दामास यांचा अपवाद सोडला, तर बिशपांच्या परिषदेत ते एकाकीच होते. मात्र त्यांचे राजकीय भाष्य कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातून आले नव्हते. चर्चच्या कायदा साहाय्य कार्यालयात रोज आप्तांच्या शोधात माणसे येत, त्यांच्या तक्रारी पडताळून नोंदल्या जात आणि त्या नोंदींतून रविवारची यादी तयार होई. मृतांसाठी प्रार्थना करणे हे धर्मगुरूचे जुनेच कर्तव्य; पण मृताचे नाव उच्चारणेच जेथे गुन्हा ठरते, तेथे ती प्रार्थनाही राजकीय होते.

डाव्या गटांनाही त्यांनी सूट दिली नाही. गनिमी संघटनांनी केलेली अपहरणे आणि हत्या यांचा त्यांनी व्यासपीठावरून निषेध केला. ऑगस्ट १९७८ मधील पत्रकात त्यांनी शेतमजुरांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला. त्याच वेळी चर्च कोणत्याही संघटनेशी एकरूप होऊ शकत नाही, हेही बजावले. ऑक्टोबर १९७९ मध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्तापालट केला, तेव्हा त्यांनी नव्या राजवटीला संधी देऊ केली आणि डाव्यांचा रोष ओढवून घेतला. ती आशा फोल ठरली. यादी लांबतच गेली.

फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना पत्र लिहून लष्करी मदत न देण्याची विनंती केली. त्याच सुमारास रेडिओ केंद्र बॉम्बने उडवण्यात आले. २३ मार्चच्या प्रवचनात त्यांनी सैनिकांनाच आवाहन केले: समोरचा शेतकरी तुमचाच भाऊ आहे, त्याला मारण्याचा हुकूम पाळू नका. लष्कराच्या दृष्टीने ही उघड बंडाची चिथावणी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कर्करुग्णांच्या ज्या रुग्णालयाच्या आवारात ते राहत, तेथील छोट्या चॅपेलमध्ये मिस्सा सुरू असताना एका मारेकऱ्याने त्यांच्यावर एकच गोळी झाडली. ते ६२ वर्षांचे होते. ३० मार्चच्या अंत्यविधीला लोटलेल्या जनसागरातही स्फोट आणि गोळीबार झाला. त्यात अनेकांचे प्राण गेले.

त्यानंतरचे यादवी युद्ध १९९२ पर्यंत चालले आणि त्यात सुमारे ७५ हजार माणसे मेली. हत्येचा आदेश माजी लष्करी अधिकारी रॉबेर्तो दाउब्युसॉन यांनी दिल्याचा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रसंघाच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ मध्ये काढला. तोवर दाउब्युसॉन यांचे निधन झाले होते. अहवालापाठोपाठ सर्वांना माफी देणारा कायदा आला. तो न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केला.

चर्चलाही निर्णय घेण्यास वेळ लागला. रोमेरो श्रद्धेसाठी मेले की राजकारणासाठी, या वादात त्यांच्या संतपदाची प्रक्रिया वर्षानुवर्षे रखडली. अखेर पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये त्यांचे हौतात्म्य मान्य केले आणि १४ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना संत घोषित केले. त्या दिवशी पोपच्या कमरेला रोमेरो यांचा रक्ताने डागाळलेला कमरपट्टा होता. संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा मृत्युदिन, २४ मार्च, पीडितांच्या सत्य जाणण्याच्या हक्काचा दिवस म्हणून निवडला आहे.

धर्म आणि राजकारण यांची सरमिसळ अनेकदा सत्तेच्या लोभातून होते आणि तिच्याविषयी सावध राहणेच योग्य. रोमेरो यांनी सत्ता मागितली नाही, मते मागितली नाहीत. त्यांनी फक्त दर रविवारी नावे वाचली. आणि एका सोमवारी त्यांचेही नाव त्या यादीत गेले.