टिपू सुलतान आणि म्हैसूरचे अग्निबाण

बंगळूर - म्हैसूरचा शासक टिपू सुलतान याचा जन्म १७५० साली बंगळूरजवळील देवनहळ्ळी येथे झाला. वडील हैदर अली यांच्या सैन्यात अग्निबाणांचे पथक होते. टिपूने त्याचा विस्तार केला. बंगळूरच्या पेठ भागातील तारामंडलपेट हे नाव आजही या अग्निबाणांच्या निर्मितीशी जोडले जाते.

सोरा, कोळसा आणि गंधक यांच्या मिश्रणातून बंदुकीची दारू तयार होत असे. त्यात सोऱ्याचे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश असे. ओलसर मिश्रण चाळणीतून काढून दाण्यांची प्रतवारी केली जाई. जाड दाणा सावकाश जळतो, म्हणून तो तोफेसाठी. बारीक दाणा झटकन पेटतो, म्हणून तो बत्ती देण्यासाठी वापरला जाई. अग्निबाणात मात्र दारू ठासून भरावी लागे. म्हैसूरच्या कारागिरांनी त्यासाठी लोखंडी नळी वापरली. ती कागदी किंवा बांबूच्या नळीपेक्षा अधिक दाब सहन करी, त्यामुळे बाणाचा पल्ला वाढला.

१७८० मध्ये पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूगोळ्याच्या गाड्यांचा स्फोट होऊन त्यांची फळी मोडली. या विजयात टिपूचा मोठा वाटा होता. १७९० मध्ये मात्र इंग्रज, मराठे व निजाम एकत्र आले. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. पुढील वर्षीच्या तहात टिपूला निम्मे राज्य गमवावे लागले, तसेच दोन पुत्र ओलीस ठेवावे लागले.

ज्या दारूवर टिपूची भिस्त होती, तीच अखेरीस त्याच्या तटबंदीवर उलटली. २ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या किल्ल्यातील अग्निबाणांच्या साठ्यावर इंग्रजांचा गोळा पडून प्रचंड स्फोट झाला. ४ मे रोजी तटाला पडलेल्या खिंडारातून शत्रू आत शिरला आणि लढता लढता टिपूला मृत्यू आला.

हस्तगत केलेले काही अग्निबाण इंग्लंडमधील वुलविच येथे नेण्यात आले. त्यांच्या आधारे विल्यम काँग्रीव्ह याने ब्रिटिश सैन्यासाठी नवे अग्निबाण विकसित केले व १८०७ मध्ये कोपनहेगनवर त्यांचा मारा झाला. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील नगर येथे एका जुन्या विहिरीत एक हजाराहून अधिक अग्निबाण सापडले. टिपूच्या राजवटीविषयी मतभेद कायम असले, तरी लोखंडी अग्निबाणांच्या इतिहासात म्हैसूरच्या कारागिरांचे स्थान निर्विवाद आहे.