जे कूक

जे कूक (१० ऑगस्ट १८२१ – फेब्रुवारी १९०५) हे अमेरिकन पेढीदार होते. अमेरिकेतील गुंतवणूक बँकिंगच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. यादवी युद्धाच्या काळात त्यांनी संघ सरकारसाठी सामान्य नागरिकांकडून प्रचंड कर्ज उभारले. पुढे १८७३ मध्ये त्यांचीच पेढी बुडाली आणि देशावर आर्थिक अरिष्ट ओढवले.

पूर्वायुष्य

कूक यांचा जन्म ओहायो राज्यातील सँडस्की येथे झाला. त्यांचे वडील एल्युथेरोस कूक हे वकील व काँग्रेसचे सदस्य होते. १८३९ मध्ये कूक फिलाडेल्फियातील ई. डब्ल्यू. क्लार्क अँड कंपनी या पेढीत कारकून म्हणून लागले आणि थोड्याच वर्षांत तिचे भागीदार झाले. १८६१ च्या आरंभी त्यांनी जे कूक अँड कंपनी ही स्वतःची पेढी काढली.

युद्धकर्ज

काही महिन्यांतच युद्धाला तोंड फुटले. पेनसिल्व्हेनिया राज्याचे ३० लाख डॉलरचे कर्ज कूक यांनी यशस्वीपणे उभे केले. त्यामुळे अर्थमंत्री सॅमन चेस यांचा त्यांच्यावर विश्वास बसला. १८६२ मध्ये सरकारने ५० कोटी डॉलरचे 'पाच-वीस' रोखे काढले. त्यांवर ६ टक्के व्याज होते. मुद्दल पाच वर्षांनंतर केव्हाही परत करण्याची सरकारला मुभा होती, मात्र वीस वर्षांत ते फेडणे बंधनकारक होते. नावाचा उगम यातच आहे. हे रोखे प्रथम फारसे खपले नाहीत. तोवर सरकारी रोखे ही मोठ्या बँका व धनिक यांचीच बाब समजली जाई. कूक यांनी ही समजूत मोडली. सुमारे २,५०० प्रतिनिधी गावोगावी धाडून, वृत्तपत्रांत जाहिराती देऊन त्यांनी शेतकरी, कारागीर व दुकानदार यांना ५० डॉलरपासूनचे रोखे विकले. जानेवारी १८६४ पर्यंत सारे रोखे संपले. १८६५ मध्ये ७.३ टक्के व्याजाच्या रोख्यांची विक्रीही त्यांच्याचकडे आली.

पेढीचे पतन

युद्धानंतर कूक यांनी सुपीरियर सरोवरापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे रोखे विकण्यास घेतले. पद्धत तीच होती, पण तारण वेगळे होते. सरकारी रोख्यांमागे कर वसूल करण्याचा अधिकार उभा होता. या रोख्यांमागे बहुतांशी निर्जन माळरान. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने युरोपातील भांडवलाची आशाही मावळली. विक्री अडली, तरी बांधकाम चालूच राहिले आणि पेढी आपल्याकडील पैसा रेल्वेला उचल म्हणून देत गेली. त्यांत ठेवीदारांचाही पैसा होता, ही कूक यांची सर्वांत गंभीर चूक म्हणावी लागेल. १८ सप्टेंबर १८७३ रोजी पेढीचे दरवाजे बंद झाले. योगायोग असा, की आदल्या रात्री राष्ट्राध्यक्ष ग्रँट हे कूक यांच्या ओगॉन्ट्झ या वाड्यावर पाहुणे होते. त्यानंतर न्यूयॉर्कचा शेअर बाजार दहा दिवस बंद राहिला, अनेक बँका व रेल्वे कंपन्या बुडाल्या आणि मंदी कित्येक वर्षे टिकली.

उत्तरायुष्य

कूक यांची मालमत्ता धनकोंच्या हाती गेली. १८८० पर्यंत त्यांनी आपली आर्थिक देणी भागवली. यूटामधील हॉर्न सिल्व्हर या चांदीच्या खाणीतील गुंतवणुकीने ते पुन्हा संपन्न झाले. ओगॉन्ट्झचा वाडाही त्यांनी परत मिळवला. १८८३ पासून तेथे मुलींची शाळा भरू लागली. त्याच वर्षी हेन्री व्हिलार्ड यांच्या नेतृत्वाखाली नॉर्दर्न पॅसिफिकचा मार्ग पूर्ण झाला.