हिशेब तपासणारा बिशप

बोअर युद्धात, १८९९ साली, गांधीजींच्या भारतीय पथकाने कोलेन्सो गावाच्या लढाईतले जखमी वाहून नेले, हे पुष्कळांनी वाचले असेल. त्या गावाला ज्याचे नाव दिले तो जॉन विल्यम कोलेन्सो हा आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीचा इंग्रज बिशप. माझी उमर बँकेत आकडे पडताळण्यात गेली, म्हणून असेल, मला हा माणूस फार जवळचा वाटतो. धर्मपीठाने त्याला गुन्हेगार ठरवले ते त्याने एक हिशेब तपासला म्हणून.

त्याचा जन्म १८१४ सालचा, कॉर्नवॉलमधला. वडिलांचे पैसे खाणीत बुडाले. मुलगा गरिबीत केंब्रिजला शिकला आणि १८३६ मध्ये गणितात विद्यापीठात दुसरा आला. पुढे डोक्यावर कर्ज झाले. ते फेडायला त्याचीच अंकगणित-बीजगणिताची शालेय पुस्तके कामी आली.

१८५३ मध्ये तो बिशप झाला. झुलू भाषा शिकला, तिचे व्याकरण लिहिले, १८६१ मध्ये शब्दकोश काढला आणि बायबलचे भाषांतर हाती घेतले. सोबत विल्यम एन्गिडी हा झुलू सहकारी. महाप्रलयाची कथा आली तेव्हा एन्गिडीने साधेच विचारले, हे सगळे खरेच घडले का? थंड-उष्ण मुलखांतले सारे प्राणी एका तारवात आले? कोलेन्सोने भूगर्भशास्त्र वाचले होते. समोरचा माणूस विश्वासाने विचारत होता, त्याला खोटे सांगणे त्याला जमेना.

बायबलचा शब्द न् शब्द ईश्वरप्रेरित, म्हणून त्यात चूक संभवतच नाही, अशी त्या काळी बहुतेकांची श्रद्धा होती. कोलेन्सोने मोशेचे पाच ग्रंथ आणि यहोशवाचा ग्रंथ घेऊन पेन्सिल उचलली. मिसर सोडून निघालेले प्रौढ पुरुष ६,०३,५५०. ज्येष्ठ पुत्र मात्र २२,२७३. म्हणजे एकेका आईला सरासरी २७ मुलगे! दर्शनमंडपाचे अंगण १०० हात लांब, ५० हात रुंद. एवढी मंडळी तिथे मावणार कशी? १८६२ मध्ये पहिला भाग छापला गेला आणि इंग्लंड हादरले.

केपटाऊनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी १८६३ मध्ये त्याला पदच्युत केले. १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल रद्द ठरवला. ग्रे यांनी मग त्याला बहिष्कृत केले. कोलेन्सोने देव सोडला नव्हता. ईश्वराचा शब्द या ग्रंथातून ऐकू येतो, पण ग्रंथातले प्रत्येक अक्षर ईश्वराचे नव्हे, एवढेच त्याचे म्हणणे. घरात एखादी पोथी पूजेला असलेल्या कुणालाही त्यातली ओढाताण कळेल.

तीच तपासणीची सवय पुढे माणसांच्या उपयोगी पडली. १८७४ मध्ये लांगालिबालेले या आफ्रिकी सरदारावर बंडाचा खटला चालवून त्याला शिक्षा झाली. कोलेन्सोने खटल्याची कागदपत्रे तितक्याच बारकाईने वाचली, अन्याय दाखवून दिला आणि दाद मागायला इंग्लंड गाठले. त्यापायी नाताळमधला जुना मित्र शेपस्टोन दुरावला. १८७९ च्या झुलू युद्धालाही त्याने व्यासपीठावरून विरोध केला.

२० जून १८८३ रोजी तो गेला. पीटरमॅरिट्झबर्गच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये, वेदीसमोर, त्याला पुरले. झुलू लोक त्याला सोबांतू म्हणत, म्हणजे लोकांचा बाप.