आइनस्टाईनची प्लेसमेंट

आधीच सांगून टाकते. मी केजीपासून कॉन्व्हेंटची. मराठी हा विषय आमच्याकडे पास होण्यापुरता होता. त्यामुळे या लेखातल्या वेलांट्या आणि उकार माझ्या रूममेटने दुरुस्त केलेत, चुकलं असेल तर तिला धरा. आणि हेडिंगमध्ये आइनस्टाईन दिसला म्हणून पान उलटू नका. रिलेटिव्हिटी यात नाही. ती मलाही कळलेली नाही.

झालं असं, की या सेमला तिसऱ्या कंपनीच्या लिस्टमध्येही माझं नाव लागलं नाही. एकदा अ‍ॅप्टिट्यूडला गेले, एकदा जीडीला, आणि तिसऱ्यांदा एचआर राउंडपर्यंत पोचून परत आले. नोटीस बोर्डापासून हॉस्टेलपर्यंत येताना जो भेटेल तो एकच डायलॉग मारत होता, की अगं, आइनस्टाईनसुद्धा मॅथ्समध्ये नापास झाला होता. चौथ्या वेळी ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. लायब्ररीत गेले आणि त्याचं चरित्र काढलं, खास तो कुठे नापास झाला ते बघायला.

तर तो मॅथ्समध्ये नापास झालाच नव्हता! १८९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, म्हणजे ठरलेल्या वयाच्या दोन वर्षं आधी, त्याने झुरिच पॉलिटेक्निकची एन्ट्रन्स दिली. मॅथ्स-फिजिक्स झकास गेलं, भाषा वगैरे बाकीच्यांत आपटला. मग आराऊ नावाच्या गावातल्या शाळेत एक वर्ष काढून १८९६ मध्ये तो रीतसर आत आला.

पुस्तक तिथेच ठेवून देणार होते, पण तोपर्यंत त्याच्या बाबांपाशी अडकले होते. त्याचे बाबा हर्मन आणि काका याकोब यांची म्युनिकमध्ये इलेक्ट्रिकल फॅक्टरी होती. डायनामो, आर्क लॅम्प, मीटर. म्हणजे आमच्याच ब्रँचचे लोक. १८९३ मध्ये म्युनिक शहराच्या दिव्यांचं कंत्राट दुसऱ्या मोठ्या कंपनीला गेलं आणि यांचं गणित बसेना. १८९४ मध्ये सगळं विकून मंडळी इटलीत गेली. तिथली फॅक्टरीही १८९६ मध्ये बुडाली. काकांनी सरळ नोकरी धरली. हर्मन मात्र मिलानमध्ये पुन्हा धंदा काढून बसले, नातेवाइकांच्या उसन्या पैशांवर. मुलगा कॉलेजात आला तो या परिस्थितीत.

पॉलिटेक्निक म्हणजे आपल्याकडचा डिप्लोमा नव्हे. आज ज्याला ईटीएच म्हणतात तेच हे कॉलेज. आइनस्टाईन तिथे मॅथ्स-फिजिक्सचा शिक्षक होण्याच्या कोर्सला होता. महिन्याला शंभर फ्रँक यायचे, तेही आईच्या माहेरच्या नातेवाइकांकडून. त्यातले वीस तो बाजूला टाकायचा, स्विस नागरिकत्वाची फी भरायला. जर्मन नागरिकत्व त्याने आधीच सोडलेलं, त्यामुळे तेव्हा तो कुठल्याच देशाचा नव्हता.

आणि लेक्चर? बंक! मॅक्सवेल वगैरे नवीन मंडळी तो रूमवर स्वतःच वाचायचा, कारण सर ते शिकवतच नव्हते. परीक्षेच्या आधी मार्सेल ग्रॉसमन नावाच्या मित्राच्या वह्या घ्यायच्या आणि बसायचं. ग्रॉसमन म्हणजे प्रत्येक वर्गात असतो तो मुलगा, ज्याच्या नोट्सची झेरॉक्स सगळ्या हॉस्टेलभर फिरते. झेरॉक्स नसल्यामुळे वहीच द्यावी लागायची, एवढाच फरक. त्या वह्या ईटीएचच्या लायब्ररीने आजही जपून ठेवल्यात.

प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका. पेर्ने नावाच्या सरांनी त्याला सगळ्यात कमी मार्क, म्हणजे सहापैकी एक, दिला आणि वर कॉलेजची लेखी ताकीद मिळाली. १८९९ मध्ये लॅबमध्ये स्फोट होऊन त्याच्या उजव्या हाताला इजा झाली. मुख्य होते वेबर सर, इलेक्ट्रिकलचं मोठं नाव. त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत, हा नुसतं मिस्टर वेबर म्हणायचा. वेबर सरांनी एकदा त्याचा लेख ठरलेल्या कागदावर लिहिलेला नाही म्हणून सगळा परत उतरवून काढायला लावला. हे वाचून मला जर्नल सबमिशनचे सगळे दिवस आठवले.

जुलै १९०० मध्ये फायनल झाली. त्याच्या गटात परीक्षेला पाच जण होते. सहापैकी कोलरोस ५.४५, ग्रॉसमन ५.२४, एहराट ५.१४, आइनस्टाईन ४.९१. चौघे पास, त्यात हा शेवटचा. पाचवी मिलेवा मारिच, ४.००, नापास.

मिलेवाबद्दल थांबून लिहायला हवं, कारण आइनस्टाईनच्या गोष्टी सांगणारे तिला एका ओळीत उडवतात. ती सर्बियन, त्याच्याहून तीनेक वर्षांनी मोठी, आणि त्या बॅचच्या त्यांच्या शाखेत एकटी मुलगी. (आमच्या वर्गात साठात अकरा आहोत, तरी व्हायव्हाला काय होतं ते आम्हाला विचारा.) ती तिथवर पोचली हेच त्या काळात केवढं मोठं. दोघांचं जमलेलं होतं, त्याच्या आईला ते अजिबात पसंत नव्हतं. जुलै १९०१ मध्ये मिलेवा पुन्हा परीक्षेला बसली. तेव्हा ती गरोदर होती, लग्न झालेलं नव्हतं आणि तो दुसऱ्या गावात. पुन्हा नापास. तिसऱ्यांदा ती बसलीच नाही. १९०२ च्या सुरुवातीला तिच्या माहेरी मुलगी झाली, आणि जगाला त्या मुलीचा पत्ता लागला तो १९८० नंतर जुनी पत्रं बाहेर आली तेव्हा. त्याचं करिअर दोन वर्षं अडलं म्हणून आपण हळहळतो, तिचं तर तिथेच संपलं. मला तरी हा हिशेब बरोबर वाटत नाही.

असो. रिझल्ट लागला आणि बाकीच्या तिघा पास झालेल्यांना कॉलेजातच असिस्टंटशिप मिळाली. आइनस्टाईनला नाही. वेबर सरांनी आपल्याकडे मेकॅनिकलची दोन मुलं घेतली, पण याला नाही घेतलं. (मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करू नये, त्या दोघांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत.) मग हुरविट्झ नावाच्या गणिताच्या सरांना विचारून झालं, ज्यांच्या तासाला हा फारसा फिरकलाच नव्हता. तिथेही नाही. नातेवाइकांचे शंभर फ्रँक कोर्स संपताच बंद. आता शिकवण्या, आणि मधूनमधून मिलानला आईबाबांकडे जाऊन राहायचं. पास झालेला मुलगा घरी आहे म्हटल्यावर शेजारीपाजारी काय विचारतात ते मिलानलाही वेगळं नसणार.

१९०१ मध्ये त्याचा पहिला रिसर्च पेपर जर्मनीच्या मोठ्या जर्नलमध्ये छापून आला. केशनलिकेत पाणी वर का चढतं त्याच्याशी संबंधित. त्या छापील प्रती जोडून त्याने युरोपभर अर्ज टाकले. लायडेनच्या कामर्लिंग ओनेसना, म्हणजे १९११ मध्ये सुपरकंडक्टिव्हिटी शोधली तेच, त्याने उत्तराचं जोडकार्ड लावून पोस्टकार्ड पाठवलं, उत्तराचं तिकीटसुद्धा स्वतःच भरून. ते जोडकार्ड परत आलंच नाही. लाइपझिगच्या ओस्टवाल्ड या नावाजलेल्या प्रोफेसरांना मार्चमध्ये लिहिलं. उत्तर नाही. एप्रिलमध्ये पुन्हा लिहिलं, निमित्त काय, तर मागच्या पत्रात पत्ता घातला होता की नाही आठवत नाही. नोकरीचा मेल टाकून दहा दिवसांनी अटॅचमेंट उघडली का म्हणून विचारतो ना आपण, तसंच. तरी उत्तर नाही.

१३ एप्रिल १९०१ ला ओस्टवाल्डना तिसरं पत्र गेलं. ते हर्मननी लिहिलं होतं. हर्मन काही शास्त्रज्ञ नव्हते, दोनदा धंदा बुडालेला गृहस्थ. अनोळखी माणसाला लिहितोय याबद्दल त्यांनी आधी माफी मागितली. मग सांगितलं, की मुलगा बावीस वर्षांचा आहे, चार वर्षं झुरिचला शिकून पास झालाय, खूप मेहनती आहे. काम नसल्यामुळे तो फार खचलाय, आपली गाडी रुळावरून घसरली असं त्याला वाटतं, आणि साधारण परिस्थितीच्या आईबापांवर आपण ओझं झालोय हे त्याला खातंय. जमलं तर त्याचा लेख वाचावा आणि दोन शब्द लिहून कळवावेत, म्हणजे त्याला उमेद येईल. असिस्टंटची जागा देता आली तर उपकार होतील. आणि शेवटी, हे पत्र मी लिहिलंय याची मुलाला काहीच कल्पना नाही.

इथे मी पुस्तक मिटलं. माझ्या बाबांचं आमच्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मागच्या महिन्यात त्यांनी मला न सांगता एका ओळखीच्या माणसाला माझ्या नोकरीबद्दल सांगितलं. त्या गृहस्थांच्या शेतावरची मोटार दर उन्हाळ्यात बाबा भरून देतात आणि त्यांचा भाऊ चाकणला कुठल्याशा कंपनीत साहेब आहे. मला कळलं ते थेट त्या साहेबांचा फोन आला तेव्हा. मी त्यांच्याशी दोन शब्द जेमतेम बोलले आणि मग बाबांना फोन लावून वाट्टेल ते बोलले. माझी लाज काढलीत, मला वशिला नकोय, वगैरे वगैरे. बाबा बरं म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस मी फोनवर फक्त आईशी बोलत होते.

ओस्टवाल्डनी हर्मननाही उत्तर दिलं नाही.

पण त्याच दोन-तीन दिवसांत दुसरीकडून एक पत्र आलं, ग्रॉसमनचं. वह्यावाल्या ग्रॉसमनने आपल्या बाबांच्या कानावर घातलं होतं, की माझा मित्र असा असा बसून आहे. ग्रॉसमनच्या बाबांची बर्नच्या पेटंट ऑफिसचे डायरेक्टर हालर यांच्याशी ओळख होती आणि तिथे जागा निघण्याची शक्यता होती. वशिलाच म्हणायचा हा. आणि केंद्र सरकारची नोकरी असल्यामुळे ते वीस-वीस फ्रँक साठवून फेब्रुवारी १९०१ मध्ये घेतलेलं नागरिकत्व इथे उपयोगी पडलं.

जागा निघायला मात्र वेळ लागला. मध्ये तो विंटरथूरच्या टेक्निकल शाळेत दोन महिने बदली शिक्षक होता, आठवड्याला तीस तास, त्यात डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्रीसुद्धा. म्हणजे आइनस्टाईनने ड्रॉइंगचे प्रोजेक्शन शिकवलेत, फर्स्ट इयरवाल्यांनी नोंद घ्यावी. मग शाफहाउझेनला एका मुलाचा खासगी मास्तर झाला, तिथे मालकाशी भांडण झालं. फेब्रुवारी १९०२ मध्ये, ऑर्डर हातात नसतानाच, तो बर्नला येऊन राहिला आणि पेपरात जाहिरात दिली, गणित आणि फिजिक्सच्या शिकवण्या घेतल्या जातील, पहिला तास फुकट. ती वाचून सोलोव्हीन नावाचा मुलगा आला. शिकवणी राहिली बाजूला, दोघं गप्पा मारत बसले. त्यात हाबिश्ट हा तिसरा मिळाला, आणि सॉसेज, चीज, चहा यांवर रात्री-रात्री पुस्तकांचा काथ्याकूट सुरू झाला. स्वतःला ते थट्टेने ऑलिम्पिया अकादमी म्हणवून घेत. आपल्या टपरीवर रात्री अकराला जे चालतं तेच, फक्त विषय जरा बरे.

२३ जून १९०२ ला तो कामावर रुजू झाला. टेक्निकल एक्स्पर्ट, थर्ड क्लास, तोही तात्पुरता. वर्षाला ३५०० फ्रँक. आठवड्याचे सहा दिवस, रोज आठ तास, लोकांचे पेटंटचे अर्ज आणि ड्रॉइंग तपासायची. डिग्री मिळून तोवर जवळजवळ दोन वर्षं झाली होती.

हर्मननी पाहिलं ते एवढंच. १० ऑक्टोबर १९०२ ला ते मिलानमध्ये हृदयविकाराने गेले, वय ५५. मुलाच्या नोकरीला चार महिनेही झाले नव्हते. जाताना त्यांनी मिलेवाशी लग्नाला होकार दिला, आणि जानेवारी १९०३ मध्ये ते लग्न झालं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. १९०५ मधले पेपर त्याने ऑफिसची नोकरी सांभाळून लिहिले, त्याच वर्षीचा पीएच.डी.चा प्रबंध ग्रॉसमनला अर्पण केला. १९१२ मध्ये तो त्याच कॉलेजात प्रोफेसर म्हणून परत आला, आणि जनरल रिलेटिव्हिटीचं गणित अडलं तेव्हा पुन्हा ग्रॉसमनकडेच गेला.

आणि ओस्टवाल्ड? १९०९ मध्ये त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. १९१० च्या फिजिक्सच्या नोबेलसाठी त्यांनी एक नाव सुचवलं, ते आइनस्टाईनचं. त्याचं नाव नोबेलसाठी पहिल्यांदा पाठवणारा माणूस हाच. तोवर हर्मनना जाऊन सात-आठ वर्षं झाली होती.

रविवारी मी बाबांना फोन केला. आइनस्टाईनचं काही बोलले नाही. एवढंच विचारलं, की त्या चाकणच्या साहेबांना बायोडेटा मेल करू की कसं. बाबा म्हणाले, ते मेलचं मला काही कळत नाही, तू दोन प्रिंट काढून पाकिटात घालून ठेव, पुढच्या आठवड्यात बेअरिंगं आणायला पुण्याला यायचंच आहे, तेव्हा मी स्वतः नेऊन देतो.