शरणपूरने घडविलेला आफ्रिकेचा धर्मदूत

ठाणे, कल्याण मागे टाकून कसारा घाटाने नाशिकला जाणाऱ्यांना 'शरणपूर' हे नाव रस्त्याच्या पाटीवरून परिचित असते. पूर्व आफ्रिकेतील ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाचा एक धागा याच वस्तीपाशी येऊन पोहोचतो, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्या धाग्याचे नाव रेव्हरंड विल्यम जोन्स.

जोन्स यांचा जन्म १८४०च्या सुमारास आफ्रिकेतील याओ जमातीत झाला. बालपणीच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडले. त्या काळी ब्रिटिश आरमाराच्या नौका अरबी समुद्रात गुलामवाहू गलबते पकडून त्यांतील माणसांना मुंबईत उतरवीत. सुटका झालेल्या अशा मुलांबरोबर जोन्सही मुंबईला आले आणि पुढे नाशिकला पोहोचले. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी १८५४मध्ये तेथे शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली होती. अनाथ आफ्रिकी मुलांना तेथे अक्षरओळखीबरोबर हातचा धंदा आणि धर्मशिक्षण मिळे. आपल्या माणसांत परत जाऊन काम करतील असे धर्मप्रचारक घडविणे, हा त्यामागील उद्देश होता. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांनीही १८६६च्या मोहिमेसाठी येथील नऊ तरुण बरोबर नेले.

जोन्स त्याआधीच, १८६४मध्ये, सहाध्यायी इश्माएल सेम्लर यांच्यासह मोंबासानजीकच्या रबाई येथे रवाना झाले होते. जर्मन मिशनरी रेबमन तेथे अनेक वर्षे जवळजवळ एकाकी काम करीत होते. नाशिकहून आलेल्या या तरुणांच्या श्रमांमुळे रबाईची मंडळी वाढू लागली. १८७५मध्ये प्राइस यांनी मोंबासासमोर मुक्त गुलामांसाठी 'फ्रिअर टाउन' वसविले, तेव्हा भारतातून परतलेले आफ्रिकी तरुणच त्यांचे मुख्य बळ होते.

३१ मे १८८५ रोजी बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेम्लर यांना डीकनपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये युगांडाकडे निघालेल्या बिशपांनी जोन्स यांना सोबतीला घेतले. ऑक्टोबरमध्ये जोन्स आणि तांड्यातील बहुसंख्य हमाल यांना वाटेत थांबवून बिशप सुमारे पन्नास जणांसह पुढे गेले. पूर्वेकडून येणाऱ्या परकीयांविषयी युगांडाचा राजा म्वांगा साशंक होता. २९ ऑक्टोबर रोजी बिशप व त्यांचे बहुतेक साथीदार मारले गेले. जिवंत परतलेल्या मोजक्यांनी ही वार्ता आणली.

परक्या मुलखात दीडशेच्या आसपास भयभीत माणसांची जबाबदारी आता जोन्स यांच्यावर होती. आणखी कोणी वाचून येईल या आशेने ते महिनाभर तेथेच थांबले. मग शेकडो मैलांचा मार्ग तुडवीत ४ फेब्रुवारी १८८६ रोजी तांडा रबाईला परत आणला. आघाडीच्या निळ्या निशाणावर पांढऱ्या अक्षरांत 'इखाबोद', म्हणजे वैभव निघून गेले, हा बायबलमधील शब्द होता. त्या प्रवासातील जोन्स यांची टिपणे हॅनिंग्टन यांच्या चरित्राला आधारभूत ठरली.

त्यांची खरी कसोटी पुढेच होती. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईत आसरा घेत. अशांना ठेवून घेऊ नये, असे संस्थेचे धोरण होते. मालक हल्ल्याच्या धमक्या देत. स्वतः साखळीची झळ सोसलेल्या जोन्स यांच्या रबाईतून मात्र ते परत धाडले गेले नाहीत. १८८८मध्ये प्रकरण विकोपाला गेले. अखेर ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे जॉर्ज मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई देऊन तोडगा काढला आणि १ जानेवारी १८८९ रोजी किनाऱ्यावरील मिशन वसाहतींतील सुमारे १,४०० जणांना मुक्ततेचे दाखले मिळाले.

जोन्स यांचे निधन विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत झाले. संस्थेचे धोरण आणि पळून आलेला माणूस यांत त्यांनी माणसाची बाजू घेतली. शरणपूर या नावाचा अर्थ त्यांनी समुद्रापलीकडे रबाईत खरा करून दाखविला.