आल्फ्रेड हिचकॉक : आरंभदृश्य आणि उत्कंठेची उभारणी

आल्फ्रेड हिचकॉक यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ रोजी लंडनच्या पूर्वेकडील लेटनस्टोन येथे झाला. वडील भाजीपाल्याचे व्यापारी, घराणे कॅथलिक पंथाचे आणि शिक्षण जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत. १९१४ मध्ये वडील निवर्तले. विजेच्या व तारयंत्राच्या तारा तयार करणाऱ्या कंपनीत हिचकॉक नोकरी करू लागले आणि तेथेच पुढे जाहिरात विभागात चित्रे काढू लागले. चित्रपटव्यवसायातील त्यांचा प्रवेशही रेखाटनाच्या बळावरच झाला. लंडनमधील इस्लिंग्टन येथील स्टुडिओत मूकपटांतील अक्षरपट्ट्या सजविण्याचे काम त्यांना मिळाले. शब्द मोजकेच वापरावयाचे आणि उरलेले सारे चित्राने सांगावयाचे, ही मूकपटाची शिस्त त्यांच्या अंगी येथे बाणली. त्यांच्या पुढील सर्व आरंभदृश्यांचे मूळ या शिस्तीत आहे.

१९२४ मध्ये कामानिमित्त ते जर्मनीत गेले असता मुर्नाऊ यांचे चित्रीकरण त्यांना जवळून पाहावयास मिळाले. गतिमान कॅमेरा आणि छायाप्रकाशाचा अर्थपूर्ण उपयोग यांचे संस्कार घेऊन ते परतले. १९२६ मध्ये संकलनात निपुण असलेल्या आल्मा रेव्हिल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी ठरल्या. १९२७ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द लॉजर'चा आरंभ किंचाळणाऱ्या तरुणीच्या समीपदृश्याने होतो. त्यानंतर प्रेत, भोवतीची गर्दी, दूरध्वनीवरून बातमी देणारा वार्ताहर, छापखाना आणि वृत्तपत्रे अशी दृश्यमालिका येते. खुनी कोठेच दिसत नाही. दिसते ते शहरभर पसरत जाणारे भय. लंडन येथे केवळ पार्श्वभूमी न राहता भयाचे वाहक बनते.

विस्मय आणि उत्कंठा यांत हिचकॉक सातत्याने भेद करीत असत. अकस्मात घडलेल्या स्फोटाने प्रेक्षक क्षणभर दचकतो. परंतु मेजाखालच्या बॉम्बची माहिती त्याला आधीच असेल, तर प्रत्येक क्षण त्याला असह्य होतो. म्हणजेच उत्कंठेचा पाया अज्ञानापेक्षा ज्ञानात अधिक असतो. निवेदकाने कोणते ज्ञान, केव्हा व किती द्यावे, हा कथात्म साहित्याचा जुना प्रश्न त्यांनी कॅमेऱ्याच्या स्थानाद्वारे सोडविला. १९३९ मध्ये ते हॉलिवूडला गेले. १९४० च्या 'रिबेका'मध्ये कॅमेरा बंद फाटकातून, झाडोऱ्याने ग्रासलेल्या वाटेने भग्न वाड्याकडे जातो. वाड्याचा अंत आरंभीच कळल्यामुळे पुढील प्रत्येक सुखद प्रसंगावर त्याची सावली पडते. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मध्ये दोन अनोळखी पुरुषांचे केवळ बूट चालताना दिसतात. मग रूळ एकमेकांना छेदतात आणि गाडीत एकाचा बूट दुसऱ्याच्या बुटास लागतो. चेहरे दिसण्यापूर्वीच दोन आयुष्यांची गाठ पडलेली असते.

'रिअर विंडो' (१९५४) साठी स्टुडिओत चौकाभोवती ३१ सदनिकांचे नेपथ्य उभारण्यात आले. कॅमेरा त्या खिडक्यांवरून फिरतो, झोपलेल्या नायकाच्या घामेजल्या कपाळावर येतो, पुढे प्लास्टरमधील पाय, मोडका कॅमेरा आणि शर्यतीतील अपघाताचे छायाचित्र दाखवितो. पात्राचा व्यवसाय, अपघात आणि निरुपाय हे सारे संवादावाचून कळते. 'सायको' (१९६०) मध्ये फिनिक्स शहराच्या विस्तीर्ण दृश्यावर वार, तारीख आणि दुपारचे २ वाजून ४३ मिनिटे ही वेळ उमटते. त्यानंतर कॅमेरा असंख्य खिडक्यांतून एक निवडून पडद्याखालून आत शिरतो. वेळेचा काटेकोरपणा वृत्तान्ताचा, तर खिडकीतील प्रवेश चोरट्याचा. या विसंगतीतून निर्माण झालेली अस्वस्थता पहिल्या अपराधापूर्वीच प्रेक्षकास ग्रासते, कारण डोकावणाऱ्यांत तोही सामील झालेला असतो.

याच ठिकाणी त्यांच्या कलेपुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. किंचाळणारी तरुणी असो वा फिनिक्समधील त्या खोलीतील नायिका, कॅमेऱ्याच्या दृष्टीचा विषय वारंवार स्त्रीच होते. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधील निबंधात चित्रपटातील पुरुषी दृष्टीची मीमांसा करताना हिचकॉक यांच्या कलाकृतींचाच आधार घेतला. 'रिअर विंडो' डोकावण्याची चिकित्सा करतो, तसा त्यातील सुखाचा उपभोगही घडवितो. हे द्वैत नाकारून त्यांचे मूल्यमापन करता येत नाही.

दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच वेळा नामांकन होऊनही तो पुरस्कार त्यांना लाभला नाही. रंजनकार म्हणून बाजूस सारल्या गेलेल्या या दिग्दर्शकाची गंभीर चिकित्सा प्रथम फ्रेंच समीक्षकांनी केली. १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांनी त्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि त्यांतून सिद्ध झालेला ग्रंथ चित्रपटाभ्यासात मूलभूत मानला जातो. २९ एप्रिल १९८० रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले. स्थळ आणि दृष्टिकोन ही रहस्यकथेची सजावट नसून तिचे प्रत्यक्ष कथन आहे, हे त्यांच्या आरंभदृश्यांनी सिद्ध केले. पाहणाऱ्याची जबाबदारी कोठे सुरू होते, हा त्यांतून उद्भवणारा प्रश्न मात्र अभ्यासकांपुढे खुलाच राहिला आहे.